झेन ध्यान म्हणजे काय? पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी माहिती

रक्तदाब वाढला, झोप उडाली, छातीत विनाकारण धडधड होऊ लागली की तपासण्या होतात, गोळ्या सुरू होतात आणि निघता निघता कोणीतरी सांगते, "जरा ध्यान करत जा." कसे करायचे हे सांगायला मात्र कोणाला वेळ नसतो. माणूस घरी येतो, देवघरासमोर डोळे मिटून बसतो. दोन मिनिटांत उसाचे बिल, मुलीचे लग्न, बोअरचे आटलेले पाणी असे सगळे डोक्यात गर्दी करते. "आपल्याला काही हे जमणार नाही" म्हणत तो उठतो आणि पुन्हा बसत नाही.

शहागड आणि गोदाकाठच्या गावांतून येणाऱ्या रुग्णांकडून ही तक्रार इतक्या वेळा ऐकायला मिळते, की ध्यानाची माहिती द्यायची तर झेनपासून सुरुवात करावी असे वाटले. कारण झेन पद्धतीत विचार थांबवायला सांगतच नाहीत. बसायचे, श्वास मोजायचा, मन भटकले की परत यायचे, एवढेच काम असते. त्यासाठी खर्च नाही, मंत्र नाही, धर्म बदलायचा नाही आणि घर सोडून कुठे जायचे नाही.

एक विनंती मात्र आधीच. तुमची एखादी गोळी कायमची चालू असेल, किंवा घरात कोणाला मानसिक आजार असेल, तर लेखाच्या शेवटी "कोणी जपून करावे" हा भाग आहे तो सोडून पुढे जाऊ नका. ध्यानाने सहसा अपाय होत नाही. अपाय होतो तो ध्यान सुरू केले म्हणून औषध बंद केल्याने.

शब्द आपल्याकडचाच

"झेन" ऐकले की जपान आठवतो, पण शब्दाचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृत "ध्यान", पालीत "झान", चीनमध्ये गेल्यावर "छान" आणि जपानमध्ये पोहोचल्यावर "झेन", असा त्याचा प्रवास झाला. परंपरा सांगते की बोधिधर्म नावाचा भारतीय भिक्षू पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये गेला आणि ही पद्धत त्याने तिथे नेली. पुढे जपानमध्ये एइसाई (1141–1215) आणि दोगेन (1200–1253) या आचार्यांनी तिची घडी बसवली. बसून करायच्या ध्यानाला तिथे "झाझेन" म्हणतात. झा म्हणजे बसणे.

अजिंठा-वेरूळला गेलेल्या कोणालाही हे बसणे पाहून माहीत आहे: ताठ पाठ, सैल खांदे, अर्धवट मिटलेले डोळे. पण शाळेच्या सहलीत आपण मूर्ती पाहतो आणि पुढे सरकतो. ती मूर्ती बसण्याचे एक नेमके तंत्र दाखवते, हे कोणी सांगत नाही.

"आम्ही वारकरी, आम्हाला हे चालेल का?" असा प्रश्न येतो. शहागडपासून जांब समर्थ फार लांब नाही. रामदासांचे जन्मगाव असलेल्या या भागात जप, नामस्मरण घरोघरी आहे. त्याच्याशी झाझेनचे भांडण नाही. नामस्मरणात मनाला नाव धरायला देतात, झाझेनमध्ये श्वास. तुम्ही माळ ओढत असाल तर ती सोडू नका. झाझेन वेगळ्या वेळी करा, एवढेच.

बसायचे कसे

जागा कुठलीही चालेल. ओसरी, गच्ची, आतली खोली, फक्त दहा मिनिटे कोणी हाक मारणार नाही अशी हवी. जमिनीवर सतरंजी अंथरा आणि त्यावर गोधडीची घट्ट घडी घालून चार ते सहा इंचांचा उंचवटा करा. मऊ उशी नको, ती दबते. या उंचवट्याच्या पुढच्या भागावर बसायचे, म्हणजे कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर राहतात. ही एक गोष्ट जमली की निम्मे काम झाले. सपाट जमिनीवर मांडी घातली तर कंबर मागे कलते, पाठीला पोक येतो आणि पाचव्या मिनिटाला पाठ दुखू लागते. मग माणसाला वाटते की आपली पाठ कमजोर आहे. खरे तर बैठक चुकलेली असते.

पाय कसे ठेवायचे ते तुमच्या गुडघ्यांनी ठरवायचे. पद्मासन दिसायला चांगले, पण चाळिशीनंतर फार थोड्यांना झेपते. दोन्ही पाय पुढे जमिनीवर एकामागे एक ठेवून बसले तरी चालते. त्यात एकही पाय दुसऱ्यावर चढत नाही. वज्रासन जमत असेल तर टाचांच्या मधे गोधडीची घडी ठेवून तसे बसा. जपानी लोक असेही बसतात. दोन्ही गुडघे जमिनीला किंवा खाली ठेवलेल्या चादरीच्या घडीला टेकले पाहिजेत. एक गुडघा हवेत राहिला तर कंबर तिरकी होते.

आता ज्यांना जमिनीवर बसताच येत नाही त्यांच्याबद्दल. गुडघ्याची झीज, सांधेरोपण, मणक्याचा त्रास, पोट सुटलेले, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर खुर्ची घ्या. हे कमी प्रतीचे ध्यान असते असे मनात आणू नका. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक "सुताराची झोपडी" म्हणतात, तिथली बुद्धाची मोठी मूर्ती पाय खाली सोडून, म्हणजे आपण खुर्चीवर बसतो तशीच बसलेली आहे. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या स्तूपावरची मूर्तीही तशीच. तेव्हा गुडघा बदललेल्या आजींनी अवघडून मांडी घालण्याचे कारण नाही. सांधेरोपणानंतर मांडी घालायची की नाही हे तुमच्या शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांनाच विचारा.

खुर्ची प्लास्टिकची असली तरी चालेल, पण हलणारी नको. पुढच्या निम्म्या भागावर बसा, पाठ टेकू नका (पाठीचा त्रास असेल तर टेका), तळवे पूर्ण जमिनीवर. पाय पोहोचत नसतील तर खाली पाट ठेवा.

कंबर ताठ, पण छाती फुगवलेली नको. हनुवटी किंचित आत. तोंड मिटलेले, जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला लागलेले. हात मांडीवर, बेंबीच्या थोडे खाली: उजव्या तळहातावर डावा तळहात आणि दोन्ही अंगठ्यांची टोके एकमेकांना जेमतेम लागलेली. हे अंगठे म्हणजे घरचे मीटर समजा. झोप येऊ लागली की ते खाली पडतात, मनात ताण वाढला की एकमेकांवर दाबले जातात.

डोळे पूर्ण मिटायचे नाहीत. अर्धे उघडे ठेवून नजर साधारण तीन-चार फुटांवर जमिनीकडे सोडायची, कशावर रोखायची नाही. समोर कोरी भिंत असेल तर उत्तम. झेनच्या सोतो परंपरेत भिंतीकडे तोंड करूनच बसतात. डोळे मिटले की भीतीचे, काळजीचे चित्रपट सुरू होतात अशा लोकांना हा भाग विशेष उपयोगी पडतो.

श्वास मोजणे

श्वास नाकाने, त्याच्या चालीने येऊ द्या. तो लांबवायचा नाही, रोखायचा नाही, जोर लावायचा नाही. प्राणायाम किंवा कपालभाती शिकलेल्या माणसाला हे जड जाते, कारण हात आपोआप नाकाकडे जातो. इथे आपण श्वासाला वळण लावत नाही, फक्त त्याच्याजवळ बसतो.

श्वास बाहेर गेला की मनात "एक". पुन्हा आत आला, बाहेर गेला की "दोन". असे दहापर्यंत, मग पुन्हा एकपासून. मधेच आकडा विसरला तर एकपासून. भानावर आलात तेव्हा सतरा-अठरा मोजत असाल तरी एकपासून. एवढेच.

पहिल्या आठवड्यात तीन-चारच्या पुढे आकडा जात नाही, असेच बहुतेकांचे होते. त्यात अपयश काही नाही. मन भटकते हे मनाचे कामच आहे. "अरे, आपण बाजार समितीत पोहोचलो" हे ज्या क्षणी लक्षात येते आणि तुम्ही गुपचूप "एक" म्हणता, तो क्षण म्हणजे व्यायाम. वीस वेळा भटकलात तर वीस वेळा परत येण्याचा सराव झाला. स्वतःवर चिडलात तर तोही एक विचारच; त्यालाही तिथेच सोडून "एक".

सुरुवातीला पाच मिनिटे. खरोखर पाच. मोबाईलवर गजर लावा आणि मोबाईल पालथा ठेवा, नाहीतर दर मिनिटाला बघितले जाते. दोन आठवडे रोज पाच मिनिटे झाली की दहा करा. झेनच्या मठांत एक बैठक पंचवीस ते चाळीस मिनिटांची असते, पण तिथपर्यंत जाण्याची घाई करू नका. रविवारी तासभर बसून बाकी आठवडा सुट्टी घेण्यापेक्षा रोजची पाच मिनिटे चांगली. वेळ सकाळची बरी, पण ऊसतोडणीच्या हंगामात किंवा दुधाच्या धारांच्या वेळी सकाळ मोकळी नसते. तेव्हा संध्याकाळी बसा. भरल्या पोटी बसू नका, पेंग येईल.

महामार्गाचा आवाज आणि पायाला मुंग्या

"आमच्याकडे शांतताच नाही" ही अडचण शहागडला खरी आहे. धुळे–सोलापूर महामार्ग गावाला लागून जातो. हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रात्रभर कारखान्याकडे जात असतात. शांतता मिळेल तेव्हा बसू असे ठरवले तर कधीच बसणे होणार नाही.

झेनमध्ये आवाज हा शत्रू नाही. ट्रक आला, आवाज आला, ट्रक गेला, आवाज गेला. त्याच्यामागे जायचे नाही, त्याला हाकलायचेही नाही. यावर एक जुना प्रयोग आहे. कासामात्सू आणि हिराई या जपानी डॉक्टरांनी ध्यानाला बसलेल्या झेन साधूंच्या मेंदूचा आलेख काढून 1966 मध्ये प्रसिद्ध केला. बसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा एकच "टक्" असा आवाज ऐकवला. सामान्य माणसाचा मेंदू थोड्या वेळाने त्या आवाजाची दखल घेईनासा झाला. मुरलेल्या साधूंचा मेंदू मात्र प्रत्येक वेळी दखल घेत होता आणि लगेच शांत होत होता. पुढच्या काही प्रयोगांत असेच निष्कर्ष आले नाहीत, म्हणून याला सिद्ध विज्ञान म्हणता येत नाही. पण बसताना काय करायचे हे समजायला उदाहरण चांगले आहे: कान बंद करायचे नाहीत, ऐकून सोडून द्यायचे.

पायाला मुंग्या जवळपास सगळ्यांना येतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या अगदी वर, एक नस असते. मांडी घातल्यावर ती दबते. पाय मोकळा केला की दोन-तीन मिनिटांत मुंग्या जातात. अशा वेळी हळूच पाय बदला, त्यात कसलाही नियम मोडत नाही. पाय बधीर असताना एकदम उभे राहू नका, पडून मनगट मोडलेले लोक आम्ही पाहतो. पण बधिरपणा तासाभराने तसाच असेल, पाऊल वर उचलता येत नसेल, किंवा कंबरेतून पायात कळ जात असेल, तर ती बैठक बंद करून डॉक्टरांना दाखवा. गुडघ्यात टोचल्यासारखे दुखणे सहन करून "तप" करायचे नाही. स्नायूंचा ताण सोसता येतो, सांध्याचे दुखणे सोसायचे नसते.

चालूनही करता येते

दोन बैठकांच्या मधे झेन साधू ओळीने सावकाश चालतात. त्याला "किनहिन" म्हणतात. एका हाताची मूठ छातीशी, दुसरा तळहात तिच्यावर, नजर खाली आणि एका श्वासाला एखादे पाऊल. टाच टेकली, तळवा टेकला, वजन आले, दुसरा पाय सुटला, एवढेच लक्षात घेत जायचे.

ज्यांना बसवत नाही, बसले की घाबरल्यासारखे होते, किंवा ज्यांना दिवसभर बसूनच काम आहे, त्यांनी यापासूनच सुरुवात केली तरी चालेल. नदीकाठी चालायला जाता तेव्हा शेवटची पाच मिनिटे अशी चाला. मात्र पुलावर किंवा रस्त्याच्या कडेला हा प्रयोग नको. गाडी किंवा ट्रॅक्टर चालवताना श्वास मोजणे तर अजिबात नको. मधुमेहाच्या रुग्णांनी अनवाणी चालू नये. तळव्याला काटा लागला तरी कळत नाही.

फायदा किती, खरे सांगायचे तर

ध्यानाबद्दल फार काही बोलले जाते. कॅन्सर बरा होतो, शुगर जाते, हृदयातले ब्लॉकेज विरघळतात. यातले काहीही होत नाही.

जे होते ते लहान आहे, पण खरे आहे. 2014 मध्ये अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ध्यानावरच्या 47 चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत 3,515 लोक होते. सजगतेच्या ध्यानाने चिंता, उदासी आणि वेदना काही प्रमाणात कमी होतात, याला मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. औषधे, व्यायाम किंवा समुपदेशन यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरते, असा मात्र पुरावा मिळाला नाही. या चाचण्या झाझेनच्याच नव्हत्या, पण श्वासावर लक्ष आणि परत येणे हा गाभा त्यांतल्या बऱ्याच पद्धतींत आहे. अमेरिकेत 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा सजगता वर्ग सुरू केला. आज जगभरच्या रुग्णालयांत तो चालतो. कबाट-झिन स्वतः झेन शिक्षकांकडे शिकलेले आहेत.

हृदयविकाराबाबत अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2017 मध्ये सांगितले, की नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ध्यान करायला हरकत नाही. "जोडीला" हा शब्द महत्त्वाचा. गोळी, मीठ कमी, तंबाखू बंद, चालणे, आणि त्यासोबत ध्यान.

रुग्णांमध्ये आम्हाला जो बदल दिसतो तो असा: दुखणे तेवढेच असते, पण दुखण्याभोवतीची घालमेल कमी होते. रागाचा शब्द तोंडातून निघायच्या आधी एक श्वास मिळतो. मध्यरात्री जाग आली तर "आता झोप लागणारच नाही" या विचाराने पहाट होत नाही. पण हे सगळ्यांना होते असे नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत होत नाही.

गोळ्या

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा.

महिनाभर ध्यान केले, बरे वाटू लागले, म्हणून बीपीची गोळी बंद केली, असे रुग्ण येतात. काही चक्कर येऊन, काही एका बाजूची ताकद गेल्यावर. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा काहीच जाणवू देत नाही. डोके दुखत नाही, मन शांत आहे, याचा अर्थ बीपी ताब्यात आहे असा होत नाही. ते फक्त यंत्र लावूनच कळते. काही गोळ्या एकदम बंद केल्या तर रक्तदाब किंवा नाडी आधीपेक्षा उसळते. फिट्सच्या गोळ्या अचानक सोडल्या तर मोठा झटका येऊ शकतो. नैराश्याच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, बेचैनी होते आणि आजार उलटतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्सुलिन चुकवणे जिवावर बेतते.

ध्यानामुळे खरेच फरक पडला असेल तर तो तुमच्या नोंदीत दिसेल. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे शांत बसून बीपी मोजा, तारखेसह वहीत लिहा आणि पुढच्या भेटीत ती वही दाखवा. डोस कमी करायचा असेल तर डॉक्टर करतील.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी आणखी एक. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी गोळी घेऊन उपाशीपोटी बसू नका. बसल्या बसल्या घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती कुंडलिनी जागी होत नाही. साखर उतरत आहे. लगेच उठा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा, आणि ती 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेच करा. ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी जमिनीवर बसू नये. घोट्याचे हाड दाबून जखम होते आणि कळत नाही. खुर्ची घ्या.

छातीत दाब, डाव्या हातात कळ, दम लागणे, असे काही बसताना झाले तर "श्वास बघू" म्हणत बसून राहू नका. 108 वर फोन करा.

कोणी जपून करावे

हे आजच्या डॉक्टरांचेच म्हणणे आहे असे नाही. जपानचे हाकुइन (1686–1769) हे झेनमधले फार मोठे आचार्य. तरुणपणी त्यांनी इतकी कठोर साधना केली की हातपाय बर्फासारखे गार पडले, कानात आवाज होऊ लागले, मन भित्रे झाले. त्यांनी या दुखण्याला झेनचा आजार म्हटले आणि त्यावर लिहून ठेवले. उपाय म्हणून ते डोक्यावर लोण्यासारखा सुगंधी गोळा ठेवल्याची कल्पना करायला सांगत: तो वितळून डोके, खांदे, छाती, पाय असा झिरपत जातो. म्हणजे साधना वाढवायची नाही, सैल करायची. अतिरेकाने नुकसान होते हे झेनच्या लोकांनाच आधी कळले होते.

कानात आवाज ऐकू येणे, संशय, भ्रम असा आजार घरात कोणाला असेल किंवा होऊन गेला असेल, मूड खूप वर-खाली होण्याचा म्हणजे बायपोलर आजार असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ध्यान सुरू करू नये. त्यांनी होकार दिला तरी लांब शिबिरे टाळावीत. अपघात, अत्याचार, पुरातून वाचणे अशा आघातानंतर शांत बसले की तेच प्रसंग परत डोळ्यांपुढे येतात; अशा वेळी एकट्याने बसू नका. फिट्सचा त्रास असेल तर झोप मोडून पहाटे बसणे नको.

ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना श्वासाकडे लक्ष दिले की श्वास अडकल्यासारखा वाटतो आणि भीती वाढते. श्वास सोडून द्या. डोळे उघडे ठेवून तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श, किंवा बाहेरचे आवाज मोजा. दोन मिनिटे पुरे.

बसल्यावर डोळ्यांत पाणी येणे, जुने काही आठवणे, हे होते आणि बहुधा ओसरते. पण बसून उठल्यावर दिवसभर मन जड राहत असेल, झोप कमी होत असेल, आपण आपल्यात नाही असे वाटत असेल, किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर ध्यान थांबवा आणि त्याच दिवशी कोणाला तरी सांगा.

घरच्यांसाठी

उदास माणसाला "ध्यान कर, मन खंबीर कर" असे म्हणणे सोपे असते आणि निरुपयोगी. नैराश्यात मन एकाग्र होत नाही, हे त्या आजाराचेच लक्षण आहे. बसता आले नाही की "मला हेही जमत नाही" अशी आणखी एक भर पडते. आधी उपचार सुरू होऊ द्या. थोडे बरे वाटू लागले की हवे तर तुम्ही स्वतः शेजारी बसा, न बोलता पाच मिनिटे. उपदेशापेक्षा हे जास्त लागू पडते.

आणखी एक खूण ओळखायला शिका. सतत भांडणारा, येरझाऱ्या घालणारा, नापिकी आणि कर्जाने पिचलेला माणूस एका दिवसात अचानक शांत झाला, वस्तू वाटू लागला, हिशेब मिटवू लागला, तर ते ध्यानाचे फळ समजू नका. आमच्या मराठवाड्यात ही चूक महागात पडते. त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध कुलपात ठेवा, थेट विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" असे विचारल्याने कोणी जीव देत नाही, उलट बोलायला जागा मिळते. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांवर उपचार मिळतात; तिथे जाण्याआधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवले तरी पुढची चिठ्ठी मिळते.

आणि जे वर्षानुवर्षे अंथरुणावरच्या माणसाची सेवा करत आहेत, त्या सुना, मुली, पत्नी यांच्यासाठी: ही दहा मिनिटे तुमचीही आहेत. रुग्ण झोपला की भांड्यांकडे वळण्याआधी बसा.

पुढे शिकायचे असेल तर

घरी दोन-तीन महिने नियमित बसल्यावर काहींना शिक्षक हवासा वाटतो. आपल्याकडे इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र सगळ्यांना ठाऊक आहे. 1976 पासून तिथे काम सुरू आहे. पण ती विपश्यना आहे, झेन नाही, आणि पहिला वर्ग दहा दिवसांचा, मौनाचा असतो. नवख्या माणसाने, तेही आजारी असताना, थेट तिथून सुरुवात करू नये. झेनच शिकायचे तर तमिळनाडूत कोडईकनालजवळ पेरुमालमलै येथे बोधी झेंडो हे केंद्र आहे. 1996 मध्ये ते फादर अमा सामी यांनी सुरू केले. लांबचा प्रवास, डोंगरातली थंडी आणि दिवसभराच्या बैठका यांचा विचार करून, आपली औषधे पुरतील इतकी सोबत घेऊनच जा. कुठल्याही केंद्राचा अर्ज भरताना आजार आणि गोळ्या लपवू नका. "गोळ्या सोडून या" असे कोणी सांगितले, तर त्या केंद्रात जाऊ नका.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा रोज किती वेळ बसता हे डॉक्टरांना सांगा. जमत नसेल तर तेही सांगा.